थिबा राजवाडा बघून आले, आणि लेकीचा एक प्रश्न

भाट्याची_पोर | ९ जून, रात्री ९.४०

मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी, रत्नागिरीला गेले होते. लेक सातवीत, पुण्यात वाढलेली. रत्नदुर्ग झाला, मांडवी झाली, मत्स्यालय झालं, आंबे खाऊन तोंड आलं, तरी सुट्टीचे चार दिवस शिल्लक. मग थिबा राजवाड्यावर स्वारी काढली. पहिल्या दिवशी गेलो तसे परत आलो, कारण सोमवार. सोमवारी संग्रहालय बंद असतं हे सगळ्या जगाला माहीत, मला सोडून. आणि मी याच गावात अठरा वर्षं काढलेली! आई घरी पाटावर बसून वाल सोलत होती, तिने वर न बघता विचारलं, "बंद होतं ना?" म्हणजे तिला माहीत होतं. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीही बरोबर आली.

शाळेत असताना आमची सहल चालत इथेच यायची. डबा खायचा, जिन्यावर धावायचं, बाईंनी ओरडायचं. "ब्रह्मदेशाच्या राजाचा राजवाडा" एवढंच डोक्यात. राजवाडा म्हटल्यावर राजा हौसेने राहायला आला असेल असं वाटायचं. या वेळी लेकीला सांगायचं म्हणून सगळं नीट वाचून गेले, तर हिशेब वेगळाच लागला.

थिबा १८७८ मध्ये गादीवर आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. राजा, राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण आणि सवत सुपयागले, दोन लहान मुली, सगळ्यांना आगबोटीत घालून आधी मद्रास, आणि तिथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीत. हा वाडा बांधून ते राहायला आले १९१० च्या नोव्हेंबरात. राजा गेला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं काढली, त्यातली चोवीस दुसऱ्याच बंगल्यांत, आणि ज्याला आपण थिबा राजवाडा म्हणतो तिथे जेमतेम सहा.

आत गेलो तेव्हा साडेचार वाजले असतील. अर्धगोल लाकडी खिडक्यांची रंगीत काच, आणि संगमरवरी फरशीवर तिचे डाग पडलेले: लाल, निळा, पिवळा. लेकीने चप्पल काढून लाल डागात पाय ठेवला आणि म्हणाली, गार आहे. खिडकीतून खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे सुरूबन आणि मग समुद्र. इतका देखणा देखावा की माणसाने तिथेच खुर्ची टाकावी.

मी तिला सांगत होते की राजा इथे कैदेत होता. ती सगळीकडे फिरून आली आणि म्हणाली, "जेल होतं तर गज कुठे आहेत?"

मला उत्तर सुचेना. आई पायरीवर टेकली होती, ती म्हणाली, "गज कशाला हवेत? आमच्या लहानपणी मिरगाआधी बोटी बंद झाल्या की आम्हीसुद्धा आतच."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात फिरतंय. तुमच्यापैकी कुणी हा वाडा तुरुंग म्हणून बघितलाय का? आणि आपल्या किनाऱ्यावर असे आणखी तुरुंग आहेत का जे आता बघायला मिळतात? लेकीची यादी करून ठेवायचीय, दिवाळीला परत जाणार आहोत.

---

कोकमसरबत | ९ जून, रात्री १०.०५

तुझ्या आईंना साष्टांग नमस्कार. बाकी वाचते सावकाश.

---

पोमेंडीचा_पाहुणा | ९ जून, रात्री १०.३०

लिहिलंयस छान. आमचे काका इथे पॉलिटेक्निकला होते, मधल्या काळात त्या वाड्यात वर्ग भरत. त्यांच्या लेखी थिबा राजवाडा म्हणजे ड्रॉइंग बोर्ड घेऊन चढायचा चढ आणि वर्गात येणारा वारा, बस. "राजाच्या दिवाणखान्यात नापास झालो" असं अजून सांगतात.

---

एसटीची_खिडकी | ९ जून, रात्री ११.१०

तुझ्या आईंचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि सरकारने रत्नागिरी निवडण्याचं कारणही त्यातच आहे. तेव्हाची रत्नागिरी डोळ्यांसमोर आणा. घाट उतरून यायचं तर बैलगाडी नाहीतर डोली. रेल्वे नाहीच. (आपल्याकडे कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही.) मुंबईशी संबंध काय तो बोटीचा, आणि ती पावसाळ्यात बंद. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, मध्ये खाड्याच खाड्या. राजाला सोडवायला कुणी येणार असलं तरी येणार कुठून? आणि आला तर लपणार कुठे, आपल्याकडे वाडीत परकं माणूस शिरलं की दहा मिनिटांत त्याचं गोत्र विचारून होतं.

भिंत बांधायचा खर्च वाचला सरकारचा. वाडा हा तुरुंग नव्हे. वाडा म्हणजे फार तर कोठडीतली बरी खाट. तुरुंग म्हणजे रत्नागिरी.

---

कोकमसरबत | ९ जून, रात्री ११.२०

>> तुरुंग म्हणजे रत्नागिरी

बदली होऊन आलेले सगळे साहेब अजून हेच म्हणतात. पहिला महिना रडतात, तीन वर्षांनी जायची वेळ आली की बाग घेऊन ठेवतात.

---

जुना_ठाणेकर | १० जून, सकाळी ७.१५

ठाणंही कोकणच, म्हणून आमचाही एक तुरुंग यादीत घ्या. ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचं मध्यवर्ती कारागृह. अजून चालू तुरुंग असल्याने आपल्यासारख्यांना बाहेरूनच नमस्कार.

पण गोष्ट ऐका. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, आळ डेंगळ्यांवर आला आणि पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटने, एल्फिन्स्टनने, त्याला बाजीरावाकडून मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात टाकला. एतद्देशीय शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. आता गंमत बघा. एका साहेबाच्या घोड्याला खरारा करणारा मोतद्दार रोज कोठडीच्या खिडकीखाली घोडा आणायचा आणि खरारा करता करता गाणी म्हणायचा. मराठीत. कुठे घोडी उभी आहेत, कोण वाट बघतंय, सगळा निरोप गाण्यातून. पहारेकऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. सप्टेंबर १८१६ मध्ये डेंगळे पसार.

पुढे पुन्हा सापडला, तो भाग वेगळा. पण पहारा चोख असूनही केवळ भाषा कळत नाही म्हणून कैदी निसटतो, हे मला फार आवडतं. तुमच्या लेकीला ही गोष्ट सांगा.

---

भाट्याची_पोर | १० जून, सकाळी ९.००

@जुना_ठाणेकर, सांगितली. नाश्ता विसरली. आता मोतद्दार काय गात असेल ते स्वतः रचतेय, पहिली ओळ "पिंपळाखाली बांधली घोडी, साहेब झोपलाय कानाकोपडी". कानाकोपडी म्हणजे काय विचारू नका.

---

कातळसडा | १० जून, सकाळी १०.४५

सगळे एवढे हळवे होताय म्हणून मुद्दाम लिहितो. हा थिबा काही संत नव्हता. तो गादीवर आल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातली भाऊबंद मंडळी डझनांनी मारली गेली, हे विसरू नका. त्याने आज्ञा दिली की सासू आणि बायकोने घडवलं, याचा वाद इतिहासकार घालोत. आणि इथे आल्यावर सरकारी पेन्शन, नोकरचाकर, समुद्र दिसणारा वाडा. त्याच वेळी साध्या कैद्याला कोलू आणि दंडाबेडी. कसला कैदी हो हा?

---

एसटीची_खिडकी | १० जून, सकाळी ११.३०

@कातळसडा, संत होता असं कुणीच म्हटलं नाही. १८७९ चं हत्याकांड खरंच आहे. पण "पेन्शन आणि वाडा" हे बाहेरून दिसतं तसं नव्हतं. रोजच्या खर्चासाठी राजाने सोबत आणलेले दागिने इथल्याच व्यापाऱ्यांना विकायला काढले होते. गावाबाहेर जायचं तर परवानगी. पत्र, पाहुणा, भिक्षू, सगळं साहेबाच्या नजरेखालून.

आणि मुलींचं बघा. ब्रह्मी रीतीत मुलींचे कान टोचणं म्हणजे मोठा संस्कार, आपल्याकडच्या मुंजीसारखा, मुलगी लहान असतानाच करायचा. या चौघींचा तो समारंभ झाला १९१४ मध्ये. थोरली तेव्हा तिशी ओलांडलेली. सगळा जन्म असाच खोळंबलेला. लग्नाचंही तेच. राजकन्येला तोलामोलाचा नवरा रत्नागिरीत आणणार कुठून?

---

सुपारीची_बाग | १० जून, दुपारी १२.१०

थोरलीचं लग्न म्हणाल तर तीच या गोष्टीतली मला सगळ्यात जवळची वाटते. राजाच्या बंगल्याच्या फाटकावरच्या गोपाळ सावंत नावाच्या आपल्याच माणसावर तिचं मन बसलं. १९०६ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव टुटू. १९१९ मध्ये राजकुटुंब रंगूनला परतलं, पण ही थोरली पुढे लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीतच आली आणि इथेच राहिली, इथेच १९४७ मध्ये गेली.

टुटूने तर सगळा जन्म इथेच काढला. इथल्याच माणसाशी लग्न केलं, मराठी बोलायची, कागदाची फुलं करायची, गोवऱ्या थापून विकायची. २००० साली गेली. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात रत्नागिरीत गोवऱ्या थापत होती आणि तेव्हा आपण शाळेतून रांग लावून तिच्या आजोबांचा वाडा बघायला जात होतो. तारखा जुळवून बघा. माझ्या अंगावर काटा आला होता.

---

भाट्याची_पोर | १० जून, दुपारी १.३०

जुळवल्या. माझी पहिली सहल १९९१. त्या होत्या तेव्हा, याच गावात. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

---

घारगे_वडे | १० जून, दुपारी ३.००

समाधी बघितलीत का? शिवाजीनगर भागात आहे. तिथे राजा आणि सुपयागले दोघांची. ती धाकटी राणी १९१२ मध्ये गेली, राजा १९१६ मध्ये. सुपयालतचा हट्ट एकच, दोघांना मंडालेत न्यायचं, इथल्या मातीत नाही. सरकार परवानगी देईना. मग शवपेट्या तशाच आवारात ठेवलेल्या, एक दोन वर्षं नव्हे, धाकट्या राणीची सात. शेवटी १९१९ मध्ये सरकारनेच इथे पुरलं आणि मग उरलेल्यांना जाऊ दिलं. मेल्यावरही जिल्हा सोडायची परवानगी नाही, आणखी काय कैद असते हो?

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनाला आले होते. गाड्यांचा ताफा बघून आमच्या शेजारच्या आजींनी विचारलं होतं, "कोण गेलं?"

---

कातळसडा | १० जून, दुपारी ३.४०

शवपेट्यांचं मला माहीत नव्हतं. बरं, अर्धा शब्द मागे घेतो. अर्धाच.

---

पेठकिल्ला_पाय | १० जून, संध्याकाळी ५.२०

एवढं सगळं झालं आणि टिळकांचं कुणी काढलं नाही? रत्नागिरीकर म्हणवता ना?

टिळक जन्मले रत्नागिरीत, १८५६ मध्ये. दहा वर्षांचे असताना वडिलांची पुण्याला बदली झाली. १९०८ मध्ये राजद्रोहाची सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना नेलं कुठे? मंडालेला. त्यातही मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, म्हणजे ज्या तटबंदीच्या आत थिबाचा राजवाडा होता तिथेच. १९१४ पर्यंत.

आता शेजारी शेजारी ठेवा. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद. रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैद. एकाच वेळी, सहा वर्षं. १९१० च्या नोव्हेंबरात थिबा नव्या वाड्यात पाऊल ठेवतो, आणि त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेत शिसपेन्सिल घेऊन गीतारहस्य लिहितात. शाई वापरायची मुभा नव्हती, वह्यांची पानं मोजून दिलेली. सरकारला या अदलाबदलीची गंमत कळली होती की नाही, देव जाणे. मला तर वाटतं एकाला दुसऱ्याच्या गावची हवा विचारायची सोय असती तर दोघांचं बरं जमलं असतं. राजाने विचारलं असतं, अजून थंडी पडते का हो तिकडे? टिळकांनी विचारलं असतं, पायरी आंबा कसा आहे यंदा?

---

कोकमसरबत | १० जून, संध्याकाळी ५.४५

उठून टाळ्या वाजवल्या. ऑफिसात. सगळे बघतायत.

---

एसटीची_खिडकी | १० जून, संध्याकाळी ६.१०

हे मी इतकी वर्षं दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलं होतं! टिळक आळीतलं जन्मघर आणि थिबा राजवाडा यांच्यामध्ये रिक्षाने काही मिनिटं. कुठल्याच फलकावर दोघांची गाठ घातलेली मी तरी वाचली नाही. @भाट्याची_पोर, यादीत हे दोन्ही एकाच दिवशी ठेव. सकाळी टिळक, दुपारी थिबा. किंवा उलट, तेवढीच अदलाबदल.

बहादूरशहा जफरचंही असंच. त्याला १८५८ मध्ये दिल्लीतून उचलून रंगूनला टाकला, १८६२ मध्ये तिथेच गेला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात पुरला, ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. साम्राज्याची बदली यादीच होती ती.

---

तिसरी_पायरी | १० जून, रात्री ८.३०

रत्नागिरीतल्या खऱ्याखुऱ्या तुरुंगाबद्दल. विशेष कारागृहात सावरकरांची कोठडी बघता येते. अंदमानातून १९२१ मध्ये आणल्यावर त्यांना इथे ठेवलं होतं, १९२३ मध्ये येरवड्याला हलवलं. मी गेल्या वर्षी वडिलांना घेऊन गेलो होतो. चालू तुरुंग असल्याने ओळखपत्र दाखवायचं, नोंद करायची, फोन बाहेर ठेवायचा. सोबत माणूस असतो.

कोठडीपेक्षा मला वाटेतलं जास्त आठवतंय. फोन खिशात नसला की हात उगाच खिशाकडे जातो, दर अर्ध्या मिनिटाला. आत कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता, डाळीला फोडणी दिल्याचा वास. म्हणजे आत माणसं आहेत, जेवणाची वेळ झालीय. संग्रहालय बघतोय हे विसरायला झालं. कोठडीच्या दारातून वडील वाकून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बोलावलं तर म्हणाले, "उंची मोजतोय." त्यांची सवय आहे, गवंडीकाम केलंय जन्मभर. खिडकी किती वर आहे, उभ्या माणसाला बाहेरचं काय दिसेल, ते बघत होते. मग म्हणाले, "आभाळ दिसतं. समुद्र नाही." बस, तेवढंच. घरी येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

---

रोखठोक_राजापुरी | १० जून, रात्री ९.००

सावरकर आले म्हणजे आता माफीनाम्यावर पन्नास प्रतिसाद. मी सुरू करू का?

---

भाट्याची_पोर | १० जून, रात्री ९.०५

नको हो. इथे फक्त तुरुंग. ते भांडण दुसरीकडे भरपूर चाललंय, तिथे जागाही आहे आणि माणसंही.

---

रोखठोक_राजापुरी | १० जून, रात्री ९.१५

बरं. मग कामाचं लिहितो. सुटल्यावरचं बघा. ६ जानेवारी १९२४ ला येरवड्यातून सोडलं ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही. आधी पाच वर्षं म्हणाले, मग वाढवत वाढवत १९३७ पर्यंत. तेरा वर्षं. याच काळात १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. त्या माणसाबद्दल तुमचं मत काहीही असो, वर कुणीतरी म्हणालं ना, तुरुंग म्हणजे रत्नागिरी, त्याचा सरकारी पुरावा हा घ्या. थिबाच्या वेळी न बोलता केलं, सावरकरांच्या वेळी कागदावर लिहून केलं. जिल्ह्याची हद्द हीच भिंत.

---

एसटीची_खिडकी | १० जून, रात्री ९.४०

@रोखठोक_राजापुरी, भांडायला आलास आणि धाग्याचा कळस ठेवून गेलास. चहा माझ्याकडे.

---

बांद्याचो_झील | ११ जून, सकाळी ६.५०

मी बांद्याचो. दर्यावरचे तुरुंग म्हणतास तर आग्वादाक जावा, तेच्याशिवाय यादी पुरी जावची नाय.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. आग्वादचा किल्ला पोर्तुगिजांचा, १६१२ चा. खालच्या अंगाला, अगदी पाण्याला लागून तुरुंग. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवले आणि डिसेंबर २०२१ पासून तिथे गोवा मुक्तिलढ्याचं संग्रहालय आहे. लोहियांची आणि त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हांची अशा कोठड्या राखून ठेवल्यात. कुन्हांना १९४६ मध्ये पकडून लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. पुन्हा तेच, इथला माणूस तिकडे.

आमच्या भागाचं नातं जास्त जवळचं. १५ ऑगस्ट १९५४ ला तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रह्यांनी तिरंगा लावला, आल्फ्रेड आफोन्सो पुढारी. पुढच्या वर्षी पत्रादेवीला गोळीबार, तिथे हुतात्मा स्मारक आहे, बांद्याहून गोव्यात शिरताच. आमचे आजे सांगायचे, जखमी लोकांना बांद्यात आणलं तेव्हा गावातल्या बायकांनी लुगडी फाडून पट्ट्या दिल्या.

आणि मोहन रानडे. सांगलीकडून शिक्षक म्हणून गोव्यात आले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले, सव्वीस वर्षांची शिक्षा, पोर्तुगालला रवानगी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या मुलखासाठी आत गेले तो मोकळा होऊन सात वर्षं झाली आणि हे अजून लिस्बनजवळच्या कोठडीत.

आग्वाद बघायचं तर दुपारी चारनंतर जा, उन्हात जांभा तापतो. तिथे सगळं आता चकाचक आहे. मला ते जरा जास्तच चकाचक वाटतं, पण माझ्या पोरांना आवडलं.

---

सुपारीची_बाग | ११ जून, सकाळी ८.२०

चकाचकपणावरून. तुरुंगाच्या संग्रहालयात नेमकं काय दाखवायचं हा घोळ सगळीकडेच असतो. बेड्या दाखवता येतात, कोठडी दाखवता येते. वाट बघणं कसं दाखवणार? थिबाकडे तर बेड्याही नाहीत. म्हणून मग पलंग, खुर्च्या, फोटो, आणि बाजूच्या दालनात कोकणातल्या जुन्या मूर्ती. मूर्ती सुंदर आहेत, पण माणूस गोंधळतो की आपण काय बघायला आलो. मला विचाराल तर त्या खिडकीशी एक साधी पाटी हवी: राजा या खिडकीतून बोटी बघत असे. बस. बाकी काम खिडकी करेल.

---

घारगे_वडे | ११ जून, सकाळी ९.१०

दुर्बिणीतून बघत असे, असं आमच्याकडे सांगतात. थिबा पॉइंटला भेळ खाताना प्रत्येक रत्नागिरीकराने कुठल्या ना कुठल्या पाहुण्याला हे सांगितलेलं असतं.

---

अलिबागकर_खाडीपार | ११ जून, सकाळी ११.००

घाईत एक नोंद. अलिबागचा हिराकोट, कान्होजी आंग्र्यांचा, १७२० चा. तलावाच्या काठी, काळ्या प्रचंड दगडांचा. त्यातही जिल्हा कारागृह. आत जायचं नाही, पण दगड बघायला बाहेरून एक चक्कर माराच. आणि पनवेलकडून जात असाल तर शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्यांनाही ठाण्यातून एडनला नेलं, तिथे १८८३ मध्ये दार बिजागऱ्यांतून उखडून पळाले होते. पकडले गेले आणि चारच दिवसांत, १७ फेब्रुवारीला गेले.

---

भाट्याची_पोर | ११ जून, रात्री १०.१५

यादी झाली. लेकीने फ्रिजवर लावलीय. टिळक आळी, थिबा, समाधी, विशेष कारागृह, पत्रादेवी, आग्वाद, परतीच्या वाटेवर नव्हे पण कधीतरी हिराकोट. "सोमवार सोडून" असं लाल पेनने तीनदा लिहिलंय. माझ्यासाठी आहे ते.

---

भाट्याची_पोर | २८ जून, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. आईचे डोळे दाखवायला दोन दिवस रत्नागिरीला जावं लागलं. तपासणी अकराला आटोपली, मग आईच म्हणाली, चल, राजाकडे जाऊ. डोळ्यांत औषध घातलेलं, तिला सगळं धुरकट दिसतंय आणि म्हणे राजाकडे जाऊ.

पाऊस असा की रिक्षाचा पडदा धरून बसलो. वाड्यात आम्ही दोघी, एक जोडपं आणि तिथला कर्मचारी. फरशीवर आज एकही रंग नव्हता, नुसता राखाडी उजेड. मी त्याच खिडकीशी गेले. खाडी नाही, पूल नाही, सुरूबन नाही, समुद्र तर नाहीच. कौलांवरून पडणारं पाणी आणि त्यापलीकडे पांढरं. हात पुढे केला तर भिजला.

कर्मचारी खिडक्या ओढून घेत आला. मी म्हटलं, काहीच दिसत नाही हो आज. तो म्हणाला, "आज काय, आता पाऊस उघडेपर्यंत असंच."

आईने विचारलं, "समुद्र दिसतो का गं?" मी नाही म्हटलं. "मग मला जेवढं दिसतंय तेवढंच तुलाही दिसतंय," म्हणाली आणि छत्री उघडायला लागली.

---

सुपारीची_बाग | २८ जून, रात्री ९.५०

फोटो?

---

भाट्याची_पोर | २८ जून, रात्री ९.५५

फोन दवाखान्याच्या पिशवीत, पिशवी रिक्षात, रिक्षावाला चहाला. तोच होता, सोमवारवाला. या वेळी म्हणाला, "आज मंगळवार आहे, बघून घ्या."